तीनशे पाहुणे, बारा खंबे

"नमस्कार ताई,

मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. लग्न दादरला हॉलमध्ये, रिसेप्शन दुसऱ्या दिवशी मुलुंडला लॉनवर, संध्याकाळी सात ते अकरा. ३०० माणसं धरली आहेत. १६० आमची, त्यातली बरीच साताऱ्याकडून बसने येणारी, आणि १४० व्याह्यांकडची. व्याही म्हणतात रिसेप्शनला ड्रिंक्स हवीतच, मुलीचीही तीच इच्छा. आमच्या घरात कुणी थेंबही घेत नाही. मिस्टर तर माळकरी. ते या विषयावर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. 'बारचा खर्च आम्ही करतो' असं व्याही म्हणाले, पण मला ते बरं वाटत नाही. मी हिशेब केला. प्रत्येकी तीन पेग म्हणजे ९०० पेग, म्हणजे ७२ बाटल्या. वाइन शॉपवाला म्हणतो ४० पुरतील. भाचा म्हणतो, 'मावशी, दहा बास, बाकी बिअर.' कुणाचं ऐकू? आणि उरल्या तर ठेवू कुठे, देवघराशेजारच्या कपाटात? कमी पडलं तर नाक जाईल या विचाराने झोप लागत नाही.

– एक वधूमाता, मुलुंड"

वहिनी,

भाच्याचं ऐका. पूर्ण नका ऐकू, पण तिघांत तोच उत्तराच्या जवळ आहे, बहुधा स्वानुभवाने.

तुमचा गुणाकार बरोबर आहे, पण त्यात माणसं भलतीच धरलीत. ३०० जणांना प्रत्येकी तीन पेग पाजताना तुम्ही त्यात सासूबाईंना धरलंत, साताऱ्याच्या आत्याबाईंना धरलंत, कडेवरच्या पोरांना धरलंत आणि खुद्द तुमच्या मिस्टरांनाही तीन पेग दिलेत! गिरगावात आम्ही नवरा-बायकोने २२ वर्षं केटरिंग केलं. तेव्हापासून बघत आलेय, पिणाऱ्यांच्या घरी बाटल्या मोजून येतात, कारण कोण किती घेतं हे त्यांना पाठ असतं. न पिणाऱ्यांच्या घरी त्या भीतीने येतात, आणि भीतीने आणलेलं निम्मं तरी उरतं.

म्हणून आज रात्री पाहुण्यांची यादी आणि एक लाल पेन घेऊन बसा, भाच्यालाही बसवा. प्रत्येक नावापुढे खूण करायची ती 'हा घेतो का' याची नाही, 'हा सगळ्यांदेखत घेईल का' याची. आपल्या माणसांत हा फरक फार मोठा असतो. गोव्याला गेल्यावर सकाळपासून सुरू करणारा तुमचा मावसदीर मोठा भाऊ दहा फुटांवर उभा असताना हातात लिंबू सरबत धरून चार तास काढेल. त्याच्यापुढे खूण नको. (तो मध्येच 'गाडीत मोबाइल राहिला' म्हणून जाऊन येईल. त्याचं तो बघेल.) व्याह्यांकडच्या यादीवर हेच काम विहीणबाईंकडून करून घ्या, त्यांना राग येणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून माझा अंदाज असा. ३०० बोलावलेत तर २६० येतील. त्यातले तुमच्याकडचे ३०-३५ आणि त्यांच्याकडचे ६५-७०, असे मिळून १०० जण घेणारे. यादीतल्या खुणा ८० आल्या तर ८० धरा, १३० आल्या तर पुढचे सगळे आकडे त्या प्रमाणात वाढवा.

आता प्रत्येकी किती? बार साडेसातला उघडून साडेदहाला बंद झाला तर तीन तास. पहिल्या तासात हात भरभर चालतो, मग स्टेजवर जाऊन फोटो, मग जेवण. सरासरी तीन धरा. कुणी एकावर थांबतो, कुणी पाच घेतो. वर थोडा हात सैल सोडून साडेतीन. म्हणजे १०० जणांचे ३५० ग्लास. तुमच्या ९०० वरून आपण इथे आलो, आता बरं वाटतंय का?

यापुढची भाषा तुम्हाला नवी, म्हणून सावकाश सांगते. पूर्ण बाटली ७५० मिलीची, तिला दुकानात खंबा म्हणतात. क्वार्टर १८० मिलीची, ती आपल्याला नको. लार्ज पेग ६० मिली, स्मॉल ३०. एका खंब्यात साडेबारा लार्ज बसतात. वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात. बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची, पाइंट ३३० चा. रिसेप्शनला पाइंटच घ्या. मोठी बाटली दोघांत वाटायची म्हटलं की अर्धी टेबलावर गरम होऊन फुकट जाते.

डिसेंबर आहे, रात्री मुलुंडला येऊरकडून जरा गार वारा येतो, त्यामुळे मे महिन्यापेक्षा बिअर कमी आणि व्हिस्की जास्त जाईल. माझी यादी: व्हिस्की १२ खंबे, म्हणजे १५० पेग. व्होडका, जिन आणि रम मिळून पाच खंबे. व्होडका तीन, बाकी एकेक. रम एकच का, तर रम मागणारे दोन-तीनच असतात, पण ते दुसरं काही घेत नाहीत. बिअरचे ९० पाइंट. वाइन दहा बाटल्या, सहा लाल आणि चार पांढऱ्या. बेरीज ३५० च्या आसपास येते. व्हिस्कीचे दोनच ब्रँड ठेवा, एक बरा आणि एक त्याहून बरा. पाच ब्रँड मांडले की प्रत्येक जण प्रत्येकाची चव बघतो आणि रात्रीच्या शेवटी पाच अर्धवट बाटल्या उरतात. उघडलेली बाटली कुणी परत घेत नाही.

हे १२ खंबे पुरणार की नाही हे पाहुण्यांपेक्षा बारमनच्या मनगटावर अवलंबून आहे. नुसत्या हाताने ओतणारा बारमन ६० ऐवजी ७५ सहज ओततो, लोक खूश होतात, त्यालाही टिप मिळते. पण ७५ ने एका खंब्यात दहाच पेग होतात. १२ खंब्यांमागे ३० पेग गेले, म्हणजे अडीच बाटल्या नुसत्या हवेत. म्हणून पेग-मेजरनेच, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्यानेच ओतायचं, हे केटररला आधी सांगा आणि त्या दिवशी भाच्याला दोन वेळा बघून यायला सांगा. १०० घेणाऱ्यांना तीन बारमन हवेत. दोनच असले की काउंटरवर रांग लागते आणि रांगेत उभा राहिलेला माणूस एकाऐवजी दोन ग्लास घेऊन जातो.

आता खरी गोष्ट. इतक्या वर्षांत व्हिस्की संपून फजिती झालेलं रिसेप्शन मी एकच पाहिलं. बर्फ संपून झालेली किती पाहिली ते मोजायचं सोडून दिलं. त्यातली एक फजिती आमचीच. उपनगरातल्या एका मैदानावर काम होतं, बाटल्या ३० होत्या आणि बर्फ आला तो दुपारी चारला, कारण बर्फवाल्याला तीच वेळ सोयीची होती. नऊ वाजता टबात पाणी आणि त्यात तरंगणारी लेबलं. आमच्या मिस्टरांनी एका पोऱ्याला स्कूटरवर पिटाळलं. तो अर्ध्या तासाने गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन आला, गोणपाट सोडला तर लादी निळी. मासळीच्या बर्फाची! खायचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा, हा नियम २०१८ पासून आहे, आणि त्या रात्री त्या नियमाचे मी मनापासून आभार मानले. नाहीतर सुरमई ज्यावर निजली होती तोच बर्फ वरपक्षाच्या ग्लासात गेला असता.

तर बर्फ १५० किलो. ग्लासात घालायला ६० किलो क्यूब, पिशव्यांत येतात ते. उरलेल्या ९० किलोच्या लाद्या, फोडून टबात टाकायला. गाडी सहाला आली पाहिजे, आधी नको. टबात नुसता बर्फ टाकू नका, वर पाणी घाला. नुसत्या बर्फात खड्यांमध्ये हवा राहते, बाटलीला गारवा लागत नाही. पाणी घातलं की अर्ध्या-पाऊण तासात पाइंट गार होतो. आणि सगळे ९० पाइंट एकदम बुडवू नका. आधी ४०, मग लागतील तसे. कारण खाली येतंच आहे.

बर्फाच्या खालोखाल सोडा आणि पाणी. २१० पेगांतले निम्मे तरी सोड्यात जातील. ७५० मिलीच्या ३० बाटल्या सोडा घ्या, दोन लिटरच्या नकोत, उघडून दहा मिनिटांत त्यांचं पाणी होतं. व्होडका-जिनसाठी टॉनिक वॉटर, लिंबाचा सोडा आणि ४० लिंबं. पाण्याचे २० लिटरचे जार बारसाठी वेगळे मोजा. जेवणाच्या जारातून बारने पाणी उचललं की साडेनऊला पंगतीत भांडणं होतात.

स्टार्टर पावणेआठच्या आत फिरायला लागले पाहिजेत, आणि जेवण साडेआठला उघडायचं. उपाशी माणूस जास्त पितो, पानावर बसलेला परत बारकडे वळत नाही. डोंबिवली-कल्याणची मंडळी तर सव्वादहाला घड्याळ बघून उठणारच.

आता उरलेल्या बाटल्या. वाइन शॉपवाल्याने ४० सांगितल्या त्यात त्याची चूक नाही, ज्याचं दुकान त्याचा आकडा. (वाइन शॉपमध्ये सगळ्यात कमी खपते ती वाइन, हे मुंबईत राहून तुम्हाला माहीत असेलच.) त्याला विचारायचं ते इतकंच: सीलबंद बाटल्या परत घेणार का, किती दिवसांत, पैसे देणार की दुसरा माल? ओळखीतला असेल तर हो म्हणतो. ते बिलावर लिहून घ्या, तोंडी हो लग्नानंतर विसरलं जातं. आणि भिजलेल्या, लेबल सुटलेल्या बाटल्या कुणीच घेत नाही, म्हणून टबात सगळ्या एकदम बुडवायच्या नाहीत. त्याने नाही म्हटलं तर दुसरं दुकान बघा. जुन्या लग्नांच्या बिलांवरून बजेट ठरवू नका, २०२५ मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवल्यापासून भाव बरेच चढलेत.

कुणी म्हणेल, गोव्याहून गाडी भरून आणू, निम्म्यात पडेल. नको. परवान्याशिवाय तिथली दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि मुलीच्या रिसेप्शनला तो गुन्हा कशाला. फौजेतले कुणी मामा कँटीनच्या बाटल्या देऊ करतील, त्यांनाही हात जोडा. त्या त्यांच्या स्वतःसाठी असतात.

लॉनवाल्याशी मात्र आजच बोला. त्याच्याकडे बारचा परवाना असेल तर बहुतेक तो बाहेरच्या बाटल्या आणू देणार नाही, किंवा बाटलीमागे कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडू देण्याचे पैसे, घेईल. मग वरचा सगळा हिशेब त्याच्या दराने पुन्हा करावा लागेल. परवाना नसेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एका दिवसाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो, आणि 'इथे कुणी विचारत नाही' हे लॉनवाल्याचं वाक्य ऐकून घेऊ नका, कुणी विचारायला आलं तर ते यजमानालाच विचारतात. दुकानाचं बिल त्या दिवशी कुणाच्या तरी खिशात असू द्या. आपल्याकडे कायद्याने पिणाऱ्याकडेही परवाना लागतो, एक दिवसाचाही मिळतो. कडक दारूला वय २५ पूर्ण हवं, बिअर-वाइनला २१. हे सांगते कारण मुलीच्या धाकट्या भावाचे किंवा दिराचे कॉलेजमधले मित्र बारपाशी घुटमळणारच, आणि त्यांना नाही म्हणायचं काम बारमनचं, तुमचं नाही. तारीख ड्राय डेची नाही ना, हेही पाहा. एकादशी तुमच्या मिस्टरांनी आधीच पाहिली असणार, पण निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद, हे पंचांगात नसतं.

गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी दोन-तीन ड्रायव्हर रात्रीपुरते ठरवून ठेवा. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, आणि ती एखाद्-दुसऱ्या पेगातही ओलांडू शकते. पकडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्या ड्रायव्हरांची पानं जेवणात मोजायला विसरू नका.

इथवर आकडे झाले. पण पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, मिस्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत, ते.

वहिनी, तुम्ही त्यांना विचारलंत तरी का? की मुलीचं आणि व्याह्यांचं ठरलेलं त्यांच्या कानावर घातलंत? माळकरी माणूस मुलीसाठी गप्प बसला म्हणजे त्याला चालतं असा अर्थ होत नाही. त्यांना एकदा शांतपणे विचारा की तुम्हाला काय नको आहे. माझा अनुभव असा की अशा माणसांना बार नको असतो असं नाही, बार समोर नको असतो, आणि त्याचे पैसे आपल्या हातून जायला नको असतात. दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

व्याही बारचा खर्च करतो म्हणालेत ना? त्यांना करू द्या. तुम्हाला ते का बरं वाटत नाही, कळतं मला. मुलीकडचे म्हणून आपण सगळं करायचं, हे हाडात भिनलंय. पण जेवण, लॉन, डेकोरेशन तुमचं आणि बार त्यांचा, यात कुणाचंही नाक जात नाही. परवाना त्यांच्या नावावर, दुकान त्यांच्या ओळखीचं, उरलेल्या बाटल्या त्यांच्या गाडीत. देवघराशेजारचं कपाट सुटलं! तुम्ही फक्त माझी यादी त्यांच्याकडे पाठवा आणि बर्फाची वेळ तुमच्या हाती ठेवा.

बार स्टेजसमोर नको. लॉनच्या एका बाजूला, मध्ये कनात किंवा फुलांची भिंत घालून, जिथून साताऱ्याच्या मंडळींना तो दिसणार नाही आणि व्याह्यांच्या मंडळींना सापडेल. हातात ग्लास घेऊन स्टेजवर यायचं नाही, हे मुलीनेच आपल्या मित्रांना सांगावं, तिचं ऐकतील.

आता बाटल्यांवर लक्ष ठेवायला कोण, हा प्रश्न राहिला, कारण बाटल्यांना पाय फुटतात. भाचा नको, तो बारच्या दोन्ही बाजूंना असेल. गिरगावातल्या एका लग्नात हे काम नवरीच्या काकांनी केलं होतं, तेही माळकरी. स्टोअरच्या दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर शंभर पानी वही. बाटली बाहेर गेली की एक रेघ, रिकामी परत आली की त्या रेघेवर फुली. मी गमतीने विचारलं, काका, तुम्ही इथे कसे? म्हणाले, "३० वर्षं बँकेत कॅशियर होतो. नोटा माझ्या कुठे होत्या?" रात्री सीलबंद, उघड्या आणि रिकाम्या मिळून हिशेब एका बाटलीनेही चुकला नव्हता. तुमच्या मिस्टरांना हे काम सांगा असं मी म्हणत नाही. पण गोष्ट सांगून बघा, हसले तर बरं.

आणि येणाऱ्या २६० मधल्या उरलेल्या १६० जणांना विसरू नका, जे बारकडे फिरकणारच नाहीत. सगळ्या ड्रिंक्सच्या धांदलीत त्यांच्या वाट्याला रंगीत सरबताचा एक जार येतो, तोही आठ वाजता संपतो. त्यांच्यासाठी कोकम सरबत करा, ६४-६५ लिटर, म्हणजे साधारण ११ लिटर गोड कोकम सिरपला पाचपट पाणी, चवीला जिरं आणि मीठ. त्याचं काउंटर बारपेक्षा मोठं आणि पुढे लावा, काचेच्या ग्लासांत द्या, प्लॅस्टिकच्या नको. त्याच्याशेजारी पियूष, १५० मिलीचे छोटे ग्लास, जायफळ ताजं किसून. पियूष १६० जणांना २४ लिटर होतं, पण तुम्ही ३५ सांगा. दोन पेग घेऊन कनातीच्या बाजूने हळूच तिकडे आलेले वरपक्षाचे लोक मी कितीदा पाहिलेत, आणि त्यांनी दुसरा ग्लासही मागितलेला आहे.